बोल्हाईचे मटण आणि दोन गावचे खाटीक



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकापाशी आणि वाचनालयाच्या बाकावर. कामगारांच्या संघटकाने मजुरीवर बोलावे, हा मटणावर काय बोलणार, असे आपल्याला वाटत असेल. पण मटणाच्या वादापायी आमची संघटना एकदा फुटता फुटता राहिली, म्हणून हा विषय घेतला.

आपल्या शिरूर, दौंड, हवेली भागात बोल्हाईला मानणारी पुष्कळ घरे आहेत. देवीचे ठाणे हवेली तालुक्यात, वाडे बोल्हाईला. या घरांत शेळी-बोकडाचे मटण वर्ज्य. मेंढीचे तेवढे चालते. म्हणून खाटकाच्या दुकानावर ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी असते. परगावचा पाहुणा ती वाचून बुचकळ्यात पडतो. आपल्याला अर्थ विचारावा लागत नाही.

काही वर्षांपूर्वी रांजणगाव आणि कुरकुंभ येथे एकाच कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या कामगारांचा करार झाला, आणि त्या आनंदात जेवण ठरले. रांजणगावची मंडळी शिरूरची. ती म्हणाली, मटण आमच्या खाटकाचे. कुरकुंभची मंडळी दौंडची; ती म्हणाली, आमच्या खाटकाच्या हाताला तोड नाही. शब्दाने शब्द वाढला, आणि एकजण बोलून गेला, ‘करारात तुम्ही आपलंच पाहिलंत, आता जेवणातही पाहा!’ तेव्हा माझ्या ध्यानात आले की वाद मटणापुरता राहिलेला नाही.

मी म्हटले, दोन्हीकडून आणा. दोन्हीकडचे मेंढीचेच, म्हणजे कोणी उपाशी उठायला नको. मांडी आणि चाप सारख्या वजनाचे, वाटण एकच, मीठ एकाच हाताचे, चुली शेजारी शेजारी. कोणते पातेले कोणाचे, हे फक्त स्वयंपाकाच्या मावशींना ठाऊक.

चव पाहिली, तर निम्मे शिरूरकर दौंडच्या पातेल्याची तारीफ करू लागले! शिरूरचे मटण लवकर शिजले, मऊसूत झाले. दौंडच्याला वेळ लागला, पण त्याचा रस्सा दाट उतरला, वर चरबीचा तवंग. मावशी हसून म्हणाल्या, ‘अरे, एक जनावर कोवळं, एक जून. यात गावाचं काय?’ गावाच्या नावाने आम्ही भांडत होतो, आणि फरक होता जनावराच्या वयाचा.

इथे गोष्ट संपली असती. पण दौंडचे एक वडीलधारे कामगार, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते भाकरी आणि ठेचा घेऊन बसले होते. मी आग्रह केला. ते म्हणाले, ‘भाऊ, चव तुम्ही पाहिलीत. पण ते मेंढीचंच आहे, हे कोणी पाहिलं?’

त्यांना एका दुकानात पाटी दाखवून शेळीचे मिसळलेले दिले होते. खाऊन झाल्यावर कळले. घरात आयुष्यभर पाळलेला नेम मोडला होता, आणि पैसे परत घेऊन तो भरून येण्यासारखा नव्हता. तेव्हापासून नुसत्या पाटीवर त्यांचा विश्वास नाही.

शिरूरहून मटण आणणारा पोरगा पुढे आला. म्हणाला, ‘तात्या, खाटकाने शेपूट ठेवून धड टांगलं होतं. मी पाहिलं, मगच तोडायला सांगितलं.’ दौंडहून आणणाऱ्याने मान खाली घातली. त्याने विचारलेच नव्हते. तात्यांनी, दौंडचे असून, शिरूरच्या पातेल्यातले वाढून घेतले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मेंढीचे शेपूट खाली लोंबते. शेळीचे आखूड, वर उचललेले. शेळीचे मांस बाहेरून चिकट, त्याला केस चिकटून राहतात. मेंढीच्या पाठीवर पांढऱ्या, घट्ट चरबीचा थर असतो. शेळीची चरबी बहुतेक पोटात. पण एकदा खिमा झाला, की यातली एकही खूण डोळ्यांना दिसत नाही. मग उरतो तो खाटकाचा शब्द.

त्या रात्री मला झोप लागली नाही. करार करताना आम्ही तरी काय केले होते? ‘एवढी वाढ मिळाली’ असे फाटकावर सांगितले आणि टाळ्या घेतल्या. कुठल्या खात्याला किती, ओव्हरटाईमचा दर काय, कोणते कलम सोडून दिले, हे कोणापुढे वाचले नव्हते. आम्ही कामगारांना खिमा दिला होता आणि शब्दावर विश्वास ठेवा म्हणत होतो. दौंडकरांचा संशय खोटा होता, पण तो आमच्या कारभारातून उपजला होता.

पुढच्या रविवारी दोन्हीकडच्या मंडळींना एकत्र बसवून करार कलमवार वाचला. तीन तास लागले. दोन कलमांवरून मला बोलणी खावी लागली, आणि ती रास्त होती. संघटना मात्र टिकली. तेव्हापासून सही होण्याआधी मसुदा वाचायचा, असा आमचा नियम आहे.

शिरूरचे मटण चांगले की दौंडचे, हा वाद खुशाल चालू राहू द्या. त्यात गोडी आहे. फक्त पिशवी पुढे करण्याआधी शेपूट पाहून घ्या, आणि जो खाटीक न विचारता ते दाखवतो त्याचे दुकान सोडू नका.