जंतूंचीही खतावणी हवी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्राचा माझा अभ्यास नाही. परंतु हिशेबाची वही मला वाचता येते. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंवर धुळ्यात शस्त्रक्रिया झाली. जखम चिघळली, ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी पुवाच्या ‘कल्चर’ तपासणीचा अहवाल आला. औषधांची लांबलचक यादी आणि बहुतेकांपुढे ‘आर’, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. उरलेल्या दोन औषधांपैकी एकाने बंधू वाचले. सर्दी-पडशाला दुकानातून परस्पर प्रतिजैविकाच्या गोळ्या आणायच्या आणि बरे वाटताच सोडून द्यायच्या, ही आमच्याच घरची रीत होती. मग दोष कोणाला द्यावा?

असा एक अहवाल म्हणजे रोजमेळातील एक नोंद. एका दिवसाच्या गल्ल्यावरून पेढीची स्थिती कळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांचे ताळेबंद शेजारी-शेजारी मांडावे लागतात. जागरूक रुग्णालये नेमके हेच करतात. जंतू, वॉर्ड, तारीख आणि औषध यांची नोंद ठेवून ती वर्षअखेर तेरीज काढतात. एकाच रुग्णातील तोच जंतू दोनदा धरीत नाहीत. नाहीतर एकाच गिऱ्हाइकाची उधारी दोनदा चढायची! अहवाल हाती येईपर्यंतच्या दोन-तीन दिवसांत कोणते औषध द्यावे, हे डॉक्टर या तेरजेवरून ठरवितात. एखाद्या वॉर्डाचा आकडा एकाएकी बिघडला, तर संसर्ग पसरत असल्याचा इशाराही तिच्यातूनच मिळतो.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २००९ मध्ये अशी मोजदाद केली. कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जंतूंत ‘एनडीएम-१’ हे जनुक आढळले. पुढे २०१३ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद देशातील मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करू लागली. त्या नोंदींनुसार ‘ई. कोलाय’ या जंतूच्या शंभर नमुन्यांपैकी सुमारे ८१ नमुन्यांवर २०१७ मध्ये इमिपेनेम हे औषध चालत असे. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ६३ वर आला. सहा वर्षांत एवढे भांडवल घटले, तर कोणता व्यापारी स्वस्थ झोपेल?

मोठ्या शहरांची खतावणी आपल्या खानदेशाला जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही. जळगाव-धुळ्याच्या रुग्णालयांना आपली वही आपणच लिहावी लागेल. परंतु तपासणीच झाली नाही, तर नोंद कशाची करणार? खर्चाच्या भीतीने पुष्कळ गरीब कुटुंबे ही तपासणी टाळतात.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. वैद्यकीय साहाय्य निधीतून औषधांबरोबर कल्चर तपासणीचा खर्चही द्यावा. ज्या रुग्णालयांना आपण देणगी देतो, त्यांच्याकडे या वार्षिक तेरजेची आदरपूर्वक विचारणा करावी. आणि आपण सर्वांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून प्रतिजैविक न घेण्याचा आजच निश्चय करावा. पूर्वजांनी राखलेली पुंजी पुढच्या पिढीच्या हाती सोपविणे, हा तर आपला व्यापारधर्मच आहे.