आमच्या अंगणातली वेब सिरीज

कुणी भांडी आवरत ऐकत असाल, कुणी भुईमुगाच्या शेंगा तोडत. हात चालू राहू द्या, कान इकडे द्या.

आज आम्ही मोबाईलवर दिसणाऱ्या वेब सिरीजबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या बायकांनी यावर कशाला बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, तरी कुणी उठेना. विषय निघाला होता आमच्या गावात झालेल्या शूटिंगचा.

झालं असं. दिवाळीनंतर तालुक्याकडची काही पोरं आली. यूट्यूबवर गावरान वेब सिरीज करतात. गटातल्या एका ताईचा जुना चौसोपी वाडा त्यांना फार आवडला. दोन दिवस शूटिंग, अठरा माणसं. "काकू, जेवणाचं तेवढं बघाल का? आपलंच घर समजून आलोय." आता घर म्हटल्यावर आपण नाही कसं म्हणायचं? एक दिवस पिठलं, भाकरी, ठेचा. दुसऱ्या दिवशी कोंबडीचा रस्सा. किराणा गटाच्या पैशातून आणला, २,८६० रुपयांचा. भाड्याचं कुणी बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही. शेवटी पडद्यावर आभार येतील म्हणाले. आले. गटाचं नाव चुकीचं छापून आले.

तेवढंच असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण भाग आला आणि त्यात बचत गटाचाच प्रसंग. तीन बायका हप्त्यावरून झिंज्या उपटतायत. त्यातली एक बाई म्हणजे लुगडं नेसलेला पोरगा. एकीनं शेळीसाठी कर्ज काढून कानातलं घेतलंय आणि नवरा बिचारा शेळी शोधत फिरतोय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हीही हसलो, खोटं कशाला बोलायचं. पोरगा लुगड्यात चालत होता झकास. पण आठ दिवसांत पारावरची पोरं आम्हाला बघून "शेळी आली का शेळी?" म्हणायला लागली. आणि नव्यानं गटात येणार होती ती सून आलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, तिथं काय चालतं ते बघितलं आम्ही मोबाईलवर.

तेव्हा हसू थांबलं.

मग आम्ही ठरवलं की रागावण्याआधी नीट बघायचं. या कमी खर्चाच्या मालिकांमध्ये चांगलं काय आणि खटकतं काय. एकीचा मोबाईल, एकीचा नेटचा पॅक, आणि मिळेल ते बघितलं.

चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच पुष्कळ आहे. टीव्हीवरच्या मालिकेतली बाई झोपताना सुद्धा शालू नेसून, टिकली जागच्या जागी. तिच्या घरात ना उंदीर, ना शेणाची पाटी. या यूट्यूबवरच्या मालिकांत भिंतीला पोपडे आहेत, दारात चपला वेड्यावाकड्या पडल्यात, मागं शेरडू ओरडतंय. ते शेरडू कुणी सांगून ओरडलेलं नाही. 'गावाकडच्या गोष्टी' घ्या, किंवा बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची 'चांडाळ चौकडीच्या करामती' घ्या. आपण बोलतो तसंच बोलतात. "काय ओ", "आरं बाबा", "गप की". आमच्यातल्या एक आक्का म्हणाल्या, टीव्हीवरचं मराठी ऐकलं की आपण शाळेत उभं राहिल्यासारखं वाटतं, हे ऐकताना पाय पसरून बसता येतं.

खर्च कमी असल्यामुळेच हे घडतं. सेट उभारायला पैसे नाहीत म्हणून खरं घर. नटाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गावातलाच माणूस.

तेलंगणात लंबाडीपल्ली नावाचं गाव आहे. तिथल्या पोरांनी २०१२ साली 'माय व्हिलेज शो' नावाचं चॅनल काढलं. त्यात गंगव्वा नावाच्या आजी आहेत. शेतावर मजुरी केलेल्या, विड्या वळलेल्या. साठीच्या आसपास त्या कॅमेऱ्यासमोर आल्या आणि बोलल्या त्या आपल्या ठसक्यात. २०२० मध्ये तेलुगू बिग बॉसच्या घरापर्यंत पोचल्या. सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार मैत्रिणींना त्यांचं बोलणं सरळ कळेल. आम्हाला शब्द कळत नाहीत, पण आजी कुणावर तरी डाफरतायत आणि त्यांचं बरोबर आहे, एवढं कळतं.

आता 'पंचायत'. ही ॲमेझॉन प्राइमवर आहे, पैसे भरून बघावी लागते, आणि यूट्यूबवाल्यांपेक्षा तिचा खर्च अर्थात मोठा. पण तीही मारामाऱ्या आणि महालांची मालिका नाही. एक गाव, एक पंचायत कचेरी, चार-पाच माणसं. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या फुलेरा गावाची, शूटिंग मात्र मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात. पहिला भाग २०२० च्या एप्रिलमध्ये आला, आपण सगळे टाळेबंदीत घरात होतो तेव्हा.

त्यात प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, मंजू देवी. पण कारभार करतात त्यांचे यजमान. कुणाला वेगळं काही वाटतही नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटी प्रजासत्ताक दिनाला झेंडा बाईंनीच फडकवायचा असं येतं आणि त्यांना राष्ट्रगीत पाठ नसतं. मग त्या शिकतात. घरकाम करता करता घोकतात, अडखळतात. नीना गुप्तांनी ते असं केलंय की आमच्या बैठकीत कुणी चहाचा कप उचलला नाही. आमच्यातल्या एक वहिनी ग्रामपंचायत सदस्य आहेत. त्या काहीच बोलल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, "आमचा शिक्का पण ह्यांच्याच खिशात असतो."

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. हे आम्ही प्रशिक्षणात किती वेळा सांगितलं असेल! फळ्यावर लिहिलं, पत्रकं वाटली. पण खिशातल्या शिक्क्याचं बोलणं त्या अर्ध्या तासाच्या भागानं बाहेर काढलं. पुढं २०२५ मध्ये केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं याच मालिकेच्या मंडळींना घेऊन, खरा प्रधान कोण या विषयावर छोटी फिल्म केली. म्हणजे सरकारलाही कळलं की पत्रकापेक्षा मंजू देवींचं लोक ऐकतात.

पण 'पंचायत'लाही आम्ही सगळे गुण देणार नाही. चौथ्या पर्वात निवडणूक लागते, मंजू देवींच्या समोर क्रांती देवी उभ्या राहतात. दोघी बायका, आणि दोघींची निवडणूक लढवतात दोघींचे नवरे. हे खरं आहे, गावोगाव असंच आहे. पण चार पर्वं झाली, आता तरी मालिकेनं बाईच्या बाजूनं गावाकडं जास्त वेळ बघायला हवं होतं. गप्पा पुरुषांच्या, रुसवेफुगवे पुरुषांचे, दुधी भोपळा भेट द्यायचा तोही पुरुषाला. तो भोपळा पिकवताना कुणाची कंबर मोडली ते दिसत नाही. पुढचा मुद्दा आमच्या आक्कांचा: एवढ्या गावात खुरपायला गेलेल्या बायका का दिसत नाहीत?

याचं उत्तर आम्हाला त्या शूटिंगवाल्या पोराकडूनच मिळालं. आम्ही त्याला बोलावलं. भांडायला नाही, हिशोबाला. तो आला, सुरुवातीला घाबरलेला. चहा घेतल्यावर मोकळा झाला.

तो म्हणाला, काकू, त्या दिवशी बाईचं काम करायला आमच्याकडं एकच मुलगी होती, आणि तिची एसटी पाच वाजता. घरचे पाठवत नाहीत. म्हणून मित्राला लुगडं नेसवलं. तेव्हा आमच्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी त्याला फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारा माणूस, कारण कुणी बाई मिळेना. आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करत होत्या फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्म धुण्यापासूनची कामं शिकून वर चूलही त्यांच्याकडंच. शंभरावर वर्षं झाली, पोरा. लुगडं अजून मित्रालाच, आणि भाकरी अजून आमच्याकडंच.

तो हसला, पण खाली बघून.

मग त्यानं पैशाचं सांगितलं. यूट्यूबकडून जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास लोकांनी बघितलेलं असावं लागतं. व्हिडिओ आठ मिनिटांच्या वर गेला की मध्ये जाहिरात टाकता येते. आता आम्हाला कळलं, एकच विनोद तीन-तीनदा का येतो आणि चहाचा कप खाली ठेवायला अर्धं मिनिट का लागतं! रात्रीचा प्रसंग का नसतो, तर दिवे भाड्यानं आणायला पैसे नाहीत. ग्रामसभेला आठच माणसं का, तर तेवढीच त्या दिवशी मोकळी होती. वाऱ्यात आवाज उडतो, कारण माईक एकच. हे सगळं आम्ही माफ करतो. गरिबीला आम्ही कधी हसलेलो नाही.

पण शेळीचं माफ नाही. त्याला पैसे लागत नव्हते. विचारायला लागत होतं. चार पावलांवर आम्ही भाकरी थापत होतो. गटात भांडणं होत नाहीत का? होतात की! हप्ता चुकला की होतात. एका ताईनं शेळीचं कर्ज खरंच दुसरीकडं वापरलं होतं, नवऱ्याच्या दवाखान्याला, आणि ते सांगायची लाज वाटून तीन बैठका आलीच नाही. शेवटी आम्ही तिच्या दारात जाऊन बसलो. ही गोष्ट त्या पोराला सांगितली, तेव्हा त्यानं वही काढली. आम्ही म्हटलं, थांब, आधी त्या ताईला विचारू. विचारलं. तिनं दोन दिवस घेतले आणि हो म्हणाली, पण नाव, गाव आणि दवाखाना बदलून.

तर आता पुढच्या भागाचं असं ठरलंय. एका कागदावर लिहून घेतलंय, खाली दोन्हीकडच्या सह्या. जेवण गट करेल, ताटाला नव्वद रुपये, रस्सा असेल तर एकशेवीस. वाड्याचं दिवसाचं भाडं वेगळं, ते त्या ताईला. जुने २,८६० दोन हप्त्यांत, त्यातला पहिला आला. बचत गटाचा प्रसंग असेल तर आधी वाचून दाखवायचा. शूटिंग सकाळी दहा ते चार, म्हणजे बायकांना धार काढायच्या वेळेला घरी जाता येईल. आणि लुगड्यात पोरगा नाही. तिन्ही बाया खऱ्या, आमच्यातल्या. एक आक्का, एक आमच्या सदस्य वहिनी. तिसरीसाठी आम्ही त्या गटात न आलेल्या सुनेला विचारलंय. सासूबाई आधी नाहीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, मी पण येते, बघते काय चालतं ते. त्यांनाही पडवीत बसवायचं ठरवलंय, त्या नाही तरी बोलल्याशिवाय राहणार नाहीत.

शूटिंग पंधरा तारखेला आहे. ज्वारी दळून आणलीय.