एका धावेची आघाडी

हिवाळा सुरू झाला की वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर, अगदी तळाशी, बारीक टाइपात रणजी सामन्यांचे धावफलक छापून येतात. त्याखाली एक ओळ असते : सामना अनिर्णित, पहिल्या डावातील आघाडीमुळे अमक्या संघाला तीन गुण. बहुतेकांची नजर त्या ओळीवरून घसरून कोड्याकडे जाते. आज मी त्या ओळीबद्दलच बोलणार आहे. त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या पुण्यातच तिचे दाखले आहेत.

पहिला दाखला अलीकडचा, फेब्रुवारी २०२५ चा. गहुंज्याच्या मैदानावर जम्मू-काश्मीर आणि केरळ यांच्यात रणजी करंडकाचा उपान्त्यपूर्व सामना होता. दोन्ही संघ घरापासून दूर. गहुंजे कुणाचेच नव्हे. जम्मू-काश्मीरने पहिल्या डावात २८० धावा केल्या. केरळची अवस्था ९ बाद २००. शेवटची जोडी मैदानात. सलमान निझार एका बाजूने खेळत राहिला आणि गोलंदाज असलेला बासिल थंपी दुसऱ्या बाजूला तग धरून उभा राहिला. दोघांनी ८१ धावा जोडल्या. थंपी बाद झाला तेव्हा धावफलकावर आकडा होता २८१. एक धाव जास्त.

त्या एका धावेची किंमत काय, हे अखेरच्या दिवशी कळले. जम्मू-काश्मीरने दुसऱ्या डावात ९ बाद ३९९ वर डाव सोडला. केरळला जिंकायला ३९९ हव्या होत्या. पण त्यांना जिंकण्याची गरजच नव्हती! फक्त बाद व्हायचे नव्हते. सहा गडी गेल्यावर सलमान निझार आणि मोहम्मद अझरुद्दीन यांनी अक्षरशः खुंटा बळकट केला. ६ बाद २९५ वर खेळ संपला, सामना अनिर्णित राहिला आणि केरळ उपान्त्य फेरीत गेला.

आता हा नियम नीट समजून घेऊ. रणजीचे साखळी सामने चार दिवसांचे, बाद फेरीचे पाच दिवसांचे. साखळीत निर्णायक विजयाला सहा गुण. डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकलात तर वर एक बोनस. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन, पिछाडीवरच्याला एक. बाद फेरीत मात्र गुण वाटून घेता येत नाहीत, कुणीतरी एकानेच पुढे जायचे असते. म्हणून निकाल लागला नाही तर पहिल्या डावाची आघाडी हाच निकाल.

प्रांतांच्या संघांची स्पर्धा हा काही आपलाच शोध नाही. दक्षिण आफ्रिकेत रग्बीची अशी एक जुनी प्रांतिक स्पर्धा आहे, करी कप नावाची. (आपल्या कढीशी तिचा काही संबंध नाही, डोनाल्ड करी नावाच्या जहाज कंपनीच्या मालकाने तो चषक दिला.) तिथे विजयाला चार गुण, बरोबरीला दोन. पण चार ट्राय केल्या तर एक गुण जादा, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलात तरी एक गुण पदरात. मला हा विचार आवडतो. हरतानाही शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजायला काही कारण उरते. आपल्याकडे पराभूताला शून्य, आणि न हरता कूर्मगतीने खेळणाऱ्याला तीन. स्पर्धेचे नियम खेळाडूच्या मनाला वळण लावतात, ते असे.

मग आघाडीचा हा नियम काढून टाकावा, सामना निकाल लागेपर्यंत खेळवावा, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तरही पुण्याने देऊन ठेवले आहे, मार्च १९४९ मध्ये.

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली ती विभागवार बाद पद्धतीने. एक सामना हरला की वर्षभराचे क्रिकेट संपले. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला, तो या पद्धतीत. १९४८-४९ च्या मोसमात मात्र विभागांच्या भिंती नव्हत्या, त्यामुळे एरवी पश्चिम विभागातच एकमेकांना भिडणारे मुंबई आणि महाराष्ट्र उपान्त्य सामन्यात पुण्यात समोरासमोर आले. सामन्याला वेळेचे बंधन नव्हते. मुंबईच्या पहिल्या डावात ६५१ धावा झाल्या, त्यात माधव मंत्रींच्या २००. महाराष्ट्राच्या ४०७. म्हणजे २४४ धावांची आघाडी. आजचा कोणताही कर्णधार प्रतिस्पर्ध्याला फॉलोऑन द्यायचा की नाही याचा विचार तरी करील. पण घाई कशाला? घड्याळच नव्हते. मुंबई पुन्हा फलंदाजीला उतरली आणि ८ बाद ७१४ वर थांबली. महाराष्ट्रापुढे ९५९ धावांचे लक्ष्य! गंमत म्हणजे महाराष्ट्राने ६०४ केल्या आणि तरी ३५४ धावांनी सामना गमावला.

सात दिवस, ३८ बळी, २३७६ धावा, नऊ शतके. उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि आपले रेगे यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. एका प्रथम श्रेणी सामन्यात इतक्या धावा त्याआधी कधी झाल्या नव्हत्या, नंतरही झालेल्या नाहीत. पण सातव्या दिवशी त्या गोलंदाजांच्या खांद्यांचे काय झाले असेल, याची नोंद धावफलकात नसते. निकाल हवा तर हे आले. म्हणून मी त्या एका धावेच्या नियमावर कुरकुरतो खरा, पण त्याला पर्याय सुचवताना माझी जीभ अडखळते.

त्याच मोसमात, अडीच महिने आधी, पुणे क्लबच्या मैदानावर आणखी एक सामना झाला होता, आणि तो निकालापर्यंत गेला तो भलत्याच वाटेने. डिसेंबर १९४८. महाराष्ट्राविरुद्ध काठियावाडचा पहिला डाव २३८ वर आटोपला. मग भाऊसाहेब निंबाळकर फलंदाजीला आले. भांडारकरांनी २०५ धावा केल्या आणि दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ जोडल्या. महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला तेव्हाचा विक्रम ब्रॅडमनचा, नाबाद ४५२, सिडनीत १९३० साली केलेला. म्हणजे दहा धावा हव्या होत्या. आणि विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला.

नियमात हे बसते. पराभव मान्य करण्याचा हक्क कर्णधाराला तेव्हाही होता, आजही आहे. बाद पद्धतीत ५८८ धावांची पिछाडी घेऊन पुढे खेळण्यात त्यांच्या संघाला मिळण्यासारखे काही नव्हते, हेही खरे. तरीही मला वाटते, हरलेला सामना सोडण्याचा हक्क वेगळा आणि दुसऱ्याचा डाव अर्ध्यावर तोडण्याचा वेगळा. नियमाने या दोहोंत फरक केलेला नाही. निंबाळकर नाबाद परतले. त्यांना बाद करणे गोलंदाजांना जमले नव्हते.

पुढे हनीफ मोहम्मदने ४९९ केल्या आणि १९९४ मध्ये लाराने नाबाद ५०१. पण भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी अजूनही तीच, पुणे क्लबवरची. भाऊसाहेबांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर असताना, ते कोल्हापुरात गेले.

आणि केरळ? गहुंज्यानंतर अहमदाबादेत त्यांनी गुजरातविरुद्ध ४५७ केल्या. गुजरात ४५५ वर बाद झाला. शेवटचा फटका जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्याच हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. दोन धावांच्या आघाडीवर केरळ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचला. नागपुरात विदर्भाने ३७९ केल्या, केरळने ३४२. तो सामनाही अनिर्णित राहिला. करंडक विदर्भाकडे गेला, सदतीस धावांच्या आघाडीवर.