घर ‘आत्ताच गेलं’ तेव्हा



स्वागताध्यक्षानं आपल्या शहराची थोरवी गायची असते, आणि पुणेकराला त्यासाठी आग्रह लागत नाही. अडीच हजारांहून अधिक खाटांचं येरवड्याचं मनोरुग्णालय इथलं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेही त्याच आवारात. झाली थोरवी गाऊन! आता हेही ऐका की ‘येरवड्याला पाठवू का?’ ही थट्टाही आमचीच. मग कोंढव्यातली मुस्लीम बाई तिथल्या खिडकीवर केसपेपर काढायला कशी येईल?

समजा, आलीच. रात्र-रात्र डोळा लागत नाही, छातीत धडधडतं. भाड्याचं घर बघायला गेलं की नाव सांगेपर्यंत ते रिकामं असतं, नाव सांगितलं की ‘आत्ताच गेलं’. डॉक्टरांना हिंदी उत्तम येते, तेव्हा अडचण भाषेची नाही. हे यांना सांगावं का, सांगितलं तर पटेल का, इथं तिचं अडतं. ‘नींद नहीं आती’ एवढंच ती म्हणते. गोळ्या मिळतात, बुडालेला रोज कोण देणार? पोलिसाच्या धास्तीत वाढलेला पारधी पोरगा किंवा पुरुषांच्या वॉर्डात टाकतील म्हणून दारातूनच परतणारी तृतीयपंथी मैत्रीण, यांचं याहून निराळं नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ धर्म, जात, लैंगिकता यांवरून भेदभावाला मनाई करतं. सेवा परवडणारी, जवळची हवी आणि रुग्णाला, घरच्यांना रुचेल अशीही हवी, असं त्यात स्पष्ट आहे. खाटांचा हिशेब आपण ठेवतो, या रुचण्याचा कुणी ठेवत नाही.

दवाखाना रुचत नाही म्हणून दर्ग्यात जाणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्यालगत साखळदंडात जखडलेली २८ मनोरुग्ण माणसं आगीत गेली, ते विसरून चालणार नाही. पण गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना सोबत घेऊनच ‘दवा-दुआ’ हा मानसोपचाराचा उपक्रम उभा राहिला. दुआ चालू ठेवून माणसं गोळीही घेऊ लागली. बंदीपेक्षा मला हा रस्ता बरा वाटतो.

तेव्हा स्वागत सर्वांचं, पण आज वस्त्यांतून आलेल्या आशाताईंचं, मौलानांचं, भंतेजींचं आणि किन्नर भगिनींचं काकणभर जास्त. दुपारच्या सत्रात मंचावर तेच बसतील. डॉक्टरमंडळींसाठी समोरच्या तीन रांगा राखून ठेवल्या आहेत. वह्या खुर्चीवर आहेत, पेनं कृपया आपली आणा.