औषध नव्हे, विष



मी सातवीपर्यंत शिकलेली. व्याख्यान काही मला जमायचे नाही. घरात उपयोगी पडेल तेवढे सांगते.

पिकावर फवारतात त्याला आपण सर्रास 'औषध' म्हणतो. हा शब्दच घात करतो, असे मला वाटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. पंपाची नळी वर धरून फवारायचे, तुषार सारे अंगावर. शेकडो जण आजारी पडले, वीसहून अधिक दगावले. हे विष कातडीतूनही भिनते. तेव्हा फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात कालवू नका. रबरी मोजे घालून वेगळे धुवा, आणि ते पाणी विहिरीपासून दूर टाका.

रिकामा डबा मात्र आपल्याच्याने टाकवत नाही. झाकण कसे घट्ट बसते! १६ जुलै २०१३ रोजी बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले होते, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. डब्याला भोकेच पाडून ठेवा, म्हणजे मोह नको.

फवारून आलेल्या माणसाला घाम, लाळ, ओकारी सुरू झाली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, दवाखाना गाठा. बाटलीवरची चिठ्ठी बरोबर न्या. ती पाहून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.