जुना संगणक मालविण्याची रीत

(पातूर येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपणांपुढे मांडावयाचा विषय दिसण्यात अगदी लहान आहे. शाळेतील जुना संगणक बंद कसा करावा, अथवा बंद करून पुन्हा चालू कसा करावा, आणि हे काम कळफलकावरील दोनतीन कळांनी व्हावे अशी सोय कशी करून ठेवावी, एवढाच हा विषय. चालू करण्याची कळ तर लहान मुलालाही सापडते. मग बंद करण्याचे शिक्षण वेगळे कशाला, असे कोणास वाटेल. पण वस्तू उघडण्यापेक्षा ती मिटविण्यातच माणसाची शिस्त दिसते. आपल्या वऱ्हाडातला शेतकरी दिवसभर वखर हाकून कितीही थकलेला असो, बैलांच्या मानेवरचे जू आधी उतरविल्यावाचून तो घराची वाट धरीत नाही. संगणकाचेही असेच एक जू आहे. ते न उतरविता आपण निघून जातो, आणि त्याचे मोल पुढे शाळेस द्यावे लागते.

22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर खेडोपाडी लोकवर्गणीतून शाळा ‘डिजिटल’ करण्याची हौस वाढली. कोणी संगणक दिला, कोणी पडदा दिला, कोणी नुसती खोलीची रंगरंगोटी करून दिली. काही शाळांत त्याहूनही जुनी यंत्रे आहेत. त्यांवर विंडोज एक्सपी किंवा विंडोज सेव्हन ही प्रणाली अजून नांदते. एक्सपीची देखभाल तिच्या कंपनीने 8 एप्रिल 2014 रोजी थांबविली, आणि सेव्हनची 14 जानेवारी 2020 रोजी. म्हणून अशा यंत्रावर पगाराची किंवा बँकेची कामे करू नयेत आणि ते इंटरनेटला विनाकारण जोडू नये. परंतु टंकलेखन, चित्रकला, गणिताचे खेळ, कवितांच्या ध्वनिफिती यांसाठी ती यंत्रे आजही उत्तम आहेत. ती आणखी चार वर्षे टिकविणे आपल्या हाती आहे.

यंत्र बिघडते ते बहुधा वापरल्याने नव्हे, तर अवेळी बंद पाडल्याने. याचे कारण आपल्या धंद्यातल्या दाखल्यानेच सांगतो. संगणकास एक पाटी असते आणि एक वही असते. पाटी म्हणजे त्याची तात्पुरती स्मृती, आणि वही म्हणजे आतली हार्ड डिस्क. आपण जे लिहितो ते तो प्रथम पाटीवर घेतो आणि सवडीने वहीत उतरवितो. वीज गेली की पाटी त्याच क्षणी पुसली जाते. वहीत उतरवायचे राहिले ते गेलेच. शिवाय अर्धी ओळ लिहिली असता हात हिसकला, तर वहीचे ते पानही फाटते. मग दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करताना तपासणीचा पडदा येतो, आकडे धावू लागतात आणि मुले घाबरून मागे सरतात. जुन्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटास 5400 किंवा 7200 वेळा फिरत असते, आणि वाचणारे टोक तिच्यावर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते. अशा नाजूक अवयवाला रोज अचानक धक्का देणे योग्य नव्हे. ‘शटडाऊन’ म्हणजे पाटीवरचे वहीत उतरवून, वही मिटून, मग दिवा मालविणे.

असे असता शाळेत वायर का ओढली जाते? आळस हे त्याचे कारण क्वचितच असते. पुष्कळदा माउस निकामी झालेला असतो. जुन्या यंत्राचा तोच अवयव आधी थकतो. कधी त्याची कळ दबत नाही, तर कधी त्याची वायर खरोखरीचा उंदीर कुरतडतो. माउस नसला की पडद्यावरील बाण हलत नाही, बंद करण्याची जागा गाठता येत नाही, आणि शाळा सुटण्याची घंटा झालेली असते. मग भिंतीवरचे बटण बंद होते. एका शाळेत निकालपत्रक भरताना हेच घडले आणि दोन दिवसांचे श्रम वाया गेले. त्याहून मोठे नुकसान पुढे झाले: मुलांचा हात लागू नये म्हणून तो संगणक कपाटात गेला. माझ्या मते एका पत्रकापेक्षा ही हानी मोठी आहे.

आता उपायाकडे वळू. काही वाटा प्रणालीतच तयार आहेत. एक्सपीमध्ये विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून सोडावी, मग यू, मग पुन्हा यू. बहुतेक यंत्रे एवढ्याने बंद होतात. पुन्हा सुरू करायचे असल्यास दुसऱ्या यूऐवजी आर. सेव्हनमध्ये तीच चिन्हाची कळ, मग उजवीकडचा बाण, मग एंटर. या वाटा अवश्य लक्षात ठेवाव्यात. परंतु त्यांत दोन उणिवा आहेत. एकाच खोलीत दोन प्रकारची यंत्रे असली की मुलांचा गोंधळ होतो. आणि चुकून कळ दबली तर माघार घेण्यास वेळ मिळत नाही. म्हणून सर्व यंत्रांवर एकसारखी चालेल आणि माघारीस अवधी देईल, अशी आपली स्वतःची योजना करावी.

ती अशी. शेजारच्या शाळेतून अर्ध्या तासापुरता एक माउस उसना आणावा. पडद्यावरील रिकाम्या जागी उजवी कळ दाबावी, ‘न्यू’ निवडावे आणि त्यातून ‘शॉर्टकट’ निवडावे. एक चौकट उघडेल व वस्तूचा पत्ता विचारील. तेथे इंग्रजी लिपीत शटडाऊन हा शब्द सलग लिहावा: एस, एच, यू, टी, डी, ओ, डब्ल्यू, एन. मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला लागून एस. पुन्हा एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला लागून टी. पुन्हा एक जागा सोडून 30 हा आकडा. ‘नेक्स्ट’ दाबून त्यास ‘मालवणे’ असे नाव द्यावे आणि ‘फिनिश’ दाबावे. यातील एस म्हणजे बंद कर, आणि टी पुढील आकडा म्हणजे इतके सेकंद थांबून कर.

याच रीतीने दुसरे चिन्ह करावे. त्यात एसच्या जागी आर लिहावा आणि नाव ‘पुन्हा’ ठेवावे. तिसरे चिन्ह सर्वांत महत्त्वाचे. त्यात शटडाऊन या शब्दापुढे जागा सोडून आडवी रेघ आणि ए एवढेच लिहावे, आणि नाव ‘थांब’ ठेवावे. तीस सेकंद संपण्यापूर्वी ही आज्ञा दिली तर आधीची आज्ञा रद्द होते.

आता प्रत्येक चिन्हास कळा जोडावयाच्या. चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे ‘शॉर्टकट की’ असा रकाना असतो. त्यात जाऊन नुसते एक अक्षर दाबले की संगणक आपण होऊन त्यापूर्वी कंट्रोल व आल्ट या दोन कळा मांडतो. ‘मालवणे’ यास एम, ‘पुन्हा’ यास पी आणि ‘थांब’ यास टी द्यावे, म्हणजे नावावरून अक्षर आठवते. मग ‘ओके’ करावे. ही चिन्हे पडद्यावर किंवा स्टार्टच्या यादीत असतील तोवरच कळा चालतात. एखाद्या मुलाने चिन्ह केराच्या टोपलीत टाकले की कळाही मुक्या होतात. मराठी टंकलेखनाची एखादी व्यवस्था हीच जोडी वापरीत असेल तर अक्षर बदलावे. तसेच जुने यंत्र कळा ऐकून काम सुरू करण्यास काही क्षण घेते. म्हणून मुलांना एकदा दाबून दहापर्यंत मोजण्यास सांगावे.

मी ही अक्षरे सहज निवडलेली नाहीत. 1981 साली आयबीएम कंपनीचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. तो घडविणाऱ्या अभियंत्यांपैकी डेव्हिड ब्रॅडली यांनी यंत्र झटकन पुन्हा सुरू व्हावे म्हणून तीन कळांची एक योजना केली. प्रथम त्या कळा कंट्रोल, आल्ट आणि एस्केप अशा होत्या. पण त्या तिन्ही कळफलकाच्या डाव्या बाजूस असल्याने नुसता धक्का लागूनही यंत्र पुन्हा सुरू होऊ शकत होते. तेव्हा एस्केप सोडून दूर उजवीकडची डिलीट घेतली, म्हणजे दोन्ही हात लागावेत. पुढे ही कळांची जोडणी जगभर पसरली. एक्सपी किंवा सेव्हनमध्ये मात्र तिने यंत्र लगेच बंद होत नाही, तर निवडीचा किंवा चालू कामांचा पडदा उघडतो. ब्रॅडली यांच्या या युक्तीतून आपण एवढेच घ्यावे की बंद करण्याची वाट सोपी असावी, पण अपघाताने घडेल इतकी सोपी नसावी. एम आणि पी उजव्या बाजूस आहेत. डाव्या बाजूच्या कंट्रोल-आल्टबरोबर त्या दाबण्यास दोन हात लागतात. थांबविण्याची टी मात्र डाव्या हातास जवळ आहे. चूक करण्यास दोन हात लागावेत, आणि ती सावरण्यास एक पुरावा.

तीस हा आकडाही असाच विचारपूर्वक घेतला आहे. वीज गेल्यावर आपल्या शाळांतील जुना यूपीएस जेमतेम दोनचार मिनिटे धीर धरतो, आणि अकोल्याच्या उन्हाळ्याने बॅटरीची ताकद आणखी घटते. तेव्हा फार मोठा अवधी परवडत नाही. शून्य ठेवले तर चूक सुधारण्यास क्षणही उरत नाही. तीस सेकंदांत ‘थांब’ म्हणता येते आणि यूपीएसही टिकतो.

एक इशारा येथे स्पष्टपणे देतो. विंडोज सेव्हनमध्ये अवधी देऊन आज्ञा केली, की अवधी संपताच उघडी कामे न विचारता मिटविली जातात. न जपलेला मजकूर जातो. म्हणून मुलांना तीन पायऱ्या तोंडपाठ कराव्यात: आधी कंट्रोल व एस दाबून लिहिलेले जपणे; मग आल्ट व एफ-चार दाबून काम मिटणे; आणि शेवटी मालवणे. क्रम मोडू नये. यंत्र अगदीच गोठले आणि कोणतीच कळ ऐकेना, तर कंट्रोल-आल्ट-डिलीट करून पाहावे. तेही न चालल्यास चालू करण्याचेच बटण पाचसहा सेकंद दाबून धरावे. पण हा वायर ओढण्याचाच सख्खा भाऊ समजावा आणि निरुपायानेच त्याकडे जावे. ‘पुन्हा’ ही आज्ञाही यंत्र मंदावले असता एकवार द्यावी. दर तासाला देण्याची ती गोष्ट नव्हे.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा. ही सोय गुरुजींच्या सोयीसाठी नाही. ती मुलांच्या हाती देण्यासाठी आहे. फळा पुसणे, घंटा देणे, पाण्याची टाकी झाकणे यांच्या पाळ्या आपण चौथीच्या मुलांत वाटून देतोच. त्याच पत्रकात ‘संगणक मालविणे’ अशी एक पाळी जोडावी. तिन्ही कळांचा तक्ता मोठ्या मराठी अक्षरांत लिहून यंत्राजवळ चिकटवावा. पहिले आठ दिवस आपण मागे उभे राहावे, नंतर दूर व्हावे. ज्याची पाळी असेल त्या मुलाने एकदा मुद्दाम ‘मालवणे’ दाबून ‘थांब’ म्हणून दाखवावे, म्हणजे त्याच्या मनातली भीती जाईल. ज्या मुलीच्या घरी संगणक नाही, तिलाच ही पाळी आधी द्यावी. आईबाप कपाशी वेचायला गेले असता धाकट्या भावंडाला सांभाळणारी आणि चूल विझल्याची खात्री करून शाळेत येणारी ती मुलगी एवढी जबाबदारी घेऊ शकत नाही, असे मानणे अन्याय्य आहे.

कपाटात कुलूपबंद ठेवलेले यंत्रही जुने होतच असते; फक्त ते कोणाच्या उपयोगी पडत नाही. ज्या गावाने वर्गणी काढून ते शाळेस दिले, त्याने कपाट भरण्यासाठी दिलेले नाही. म्हणून माझी विनंती एवढीच की पुढील शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास काढून ही तीन चिन्हे आपापल्या यंत्रावर तयार करावीत, आणि सोमवारच्या पाळीपत्रकात एका मुलाचे नाव लिहावे. पुढील मेळाव्यात किती यंत्रे चालू आहेत हे तर सांगावेच, पण ती संध्याकाळी कोण मालविते हेही सांगावे.