‘घरी न्या’ म्हणण्याआधी

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यापासून मालेगावपर्यंत, इगतपुरीपासून येवल्यापर्यंत आपापली ओपीडी एक दिवस बंद ठेवून आलेले डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते मित्रहो,

अध्यक्षाने सगळ्या विषयांना थोडा थोडा स्पर्श करावा, अशी आपल्याकडे रीत आहे. आज मी ती मोडणार आहे. एकाच आजारावर बोलतो, स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरइतका तो आपल्या ओपीडीत दिसत नाही. पण दिसला की रिपोर्ट वाचून आपल्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : ‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या.’ माझे म्हणणे असे की, शस्त्रक्रिया हे एक टोक आणि ‘घरी न्या’ हे दुसरे, यांच्या मध्ये करण्यासारखे पुष्कळ आहे. त्यातले बरेचसे मुंबईच्या नव्हे, तालुक्याच्या डॉक्टरच्या हातचे आहे.

आजार वाईट आहे, हे आधी मान्य करू. २०२२ साली जगभरात त्याचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण निघाले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार माणसे त्याने गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की भाष्य लागत नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्याला लागून बसलेले. गाठ वाढत राहते आणि हाताला लागत नाही.

ती स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात असेल तर पित्तनलिका दाबली जाते आणि कावीळ होते, पुष्कळदा पोटात न दुखता. इथे आपली जुनी अडचण उभी राहते. कावीळ म्हटले की माणूस आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो. गळ्यात माळ पडते, मुळीचा रस पोटात जातो, तेल-तूप बंद होते आणि हातातले आठवडे निघून जातात. याला हसून उपयोग नाही. तरुण माणसाची विषाणूजन्य कावीळ बहुधा आपोआप उतरते, श्रेय माळेला मिळते, आणि तो अनुभव गावाच्या लक्षात राहतो. पण पन्नाशीपुढचा माणूस, ताप नाही, अंगाला खाज, लघवी गडद, शौचाचा रंग फिका, असे दिसले तर यकृताच्या रक्ततपासणीवर थांबू नका. सोनोग्राफी करा आणि शंका उरली तर कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करा. दुसरी खूण याहून फसवी आहे : उतारवयात अचानक निघालेला मधुमेह आणि सोबत घटणारे वजन. वजन साखरेमुळे उतरते आहे असे समजून आपण गोळी वाढवतो. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभरांत साधारण एकालाच पुढच्या तीन वर्षांत हा कॅन्सर निघतो, त्यामुळे सगळ्यांचे स्कॅन काढत बसू नये. पण घरात कुणाला मधुमेह नाही, जेवण ठीक, तरी पँट सैल होत चाललेला माणूस समोर असेल तर त्याचे पोट बघायलाच हवे.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सभागृहात माझ्याहून जाणकार शल्यविशारद आहेत. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये जिचा अहवाल प्रसिद्ध केला, तीच शस्त्रक्रिया आज सुधारलेल्या रूपात होते. निदानाच्या वेळी ती शक्य असते शंभरातल्या पंधरा-वीस जणांनाच. कुठे करावी, हा प्रश्न कधी करावी याइतकाच मोठा आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जिथे अशी शस्त्रक्रिया क्वचितच होई त्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के होते आणि जिथे ती वारंवार होई तिथे ३.८ टक्के. म्हणून रुग्ण पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरला आणि परळच्या टाटा हॉस्पिटलला गेला, तर आपला पेशंट तुटला असे मानू नका. नातेवाइकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता द्या. शस्त्रक्रिया तिथे होऊ द्या. केमो आता नाशकातही मिळते आणि मधले सगळे दिवस रुग्ण तुमच्याकडेच असतो. आणखी एक. कावीळ दिसली की घाईने पित्तनलिकेत स्टेंट टाकून घेण्याची पद्धत पडली आहे. बिलिरुबिन फार चढलेले नसेल, संसर्ग नसेल आणि शस्त्रक्रिया लवकर होणार असेल, तर आधी स्टेंट टाकल्याने गुंतागुंत वाढते, हे नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासाने दाखवले आहे. आधी शल्यविशारदाचे मत घ्या, मग स्टेंटचे बघा. जिथे शस्त्रक्रिया होणारच नाही, तिथे मात्र तोच स्टेंट खाज थांबवतो, भूक परत आणतो आणि केमोचा रस्ता मोकळा करतो.

केमोचे आकडे आपण नाक मुरडून सांगतो. चार औषधांचा फोल्फिरिनॉक्स हा कोर्स २०११ मध्ये पुढे आला. पसरलेल्या आजारात जगण्याचा मध्यक काळ त्याने ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर नेला. ‘चारच महिने ना?’ असे कुणी म्हणेल. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंतचा काळ साधारण तेवढाच असतो. तरीही हा कोर्स अंगात ताकद असलेल्यासाठीच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसावर तो लादणे म्हणजे उरलेले दिवसही काढून घेणे. शस्त्रक्रियेनंतर याच कोर्सच्या सौम्य रूपाने मध्यक आयुष्य ३५ महिन्यांवरून ५४.४ महिन्यांपर्यंत गेल्याचे २०१८ मध्ये दिसले. बीआरसीए जनुकाची तपासणीही मागत चला. दोष सापडला तर औषधाची निवड बदलते आणि रुग्णाच्या भावंडा-मुलांनाही वेळेत सावध करता येते.

गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले, मग न्यूयॉर्क, मग दिल्लीचे एम्स. आजाराचे नाव सरकारच्या वतीने उघडपणे घेतले गेले ते ऑक्टोबरमध्ये, गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांच्याकडून. ३० जानेवारी २०१९ ला नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला, वयाच्या ६३ व्या वर्षी, ते गेले. त्या नळीवर तेव्हा खूप बोलले गेले, कौतुकाने आणि टीकेनेही. राजकारण बाजूला ठेवू. डॉक्टर म्हणून मला त्यात एवढेच दिसले की, या आजारातला माणूस शेवटच्या टप्प्यातही आपले काम करू इच्छितो. आपला पेशंट सोसायटीची सभा घेऊ इच्छित असेल, शेताची वाटणी करू इच्छित असेल. त्यासाठी पोटात अन्न टिकले पाहिजे आणि दुखणे थांबले पाहिजे.

आधी अन्नाचे बोलू. या रुग्णाचे पाचकरस आटलेले असतात. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारी, दुर्गंधीची होते. घरचे घाबरून तूप-तेल बंद करतात, आणि कॅन्सरला साखर चालत नाही असा निरोप मोबाइलवर आला की गोडही बंद. उरतो मुगाचे पाणी पिऊन वाळत चाललेला माणूस. त्याला पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल हव्यात. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला ४० ते ५० हजार युनिट, मधल्या खाण्याला २५ हजार, आणि गरजेप्रमाणे वाढवायचे. त्या पहिल्या घासाबरोबर आणि जेवणाच्या मध्यावर घ्यायच्या. आपण चिठ्ठीवर सवयीने ‘जेवणानंतर’ लिहितो, तेव्हा बरेचसे औषध वाया जाते. केमिस्ट मित्रांनो, तुम्हीही हे पाकिटावर लिहून देत चला. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. माळकरी, जैन, मुसलमान, सगळे आपले रुग्ण आहेत. हे लपवून गोळी देणे मला मान्य नाही. सांगा, औषध म्हणून का लागते ते समजवा, आपल्या महाराजांशी किंवा मौलानांशी बोलायला वेळ द्या आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. मग खिचडीवर तूप पडू द्या.

आता दुखण्याबद्दल. ते पोटातून पाठीत जाते, रात्री वाढते आणि माणूस पुढे वाकून, पोटाशी उशी धरून बसून राहतो. त्याला ट्रॅमाडॉलवर महिनोन्‌महिने रखडत ठेवू नका. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे. योग्य मात्रेत ती सहसा श्वास थांबवत नाही आणि दुखण्यासाठी घेणाऱ्याला सहसा व्यसनी बनवत नाही. तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध लिहा, नाहीतर बद्धकोष्ठाने हैराण होऊन रुग्णच गोळी सोडेल. गोळ्या पुरेनाशा झाल्या तर पोटातल्या मज्जातंतूंच्या गाठीला सुई देऊन दुखणे तोडता येते. त्यासाठी शेवटची वेळ येण्याची वाट पाहू नये. आपला देश मंदसौर-नीमचकडे कायदेशीर अफू पिकवून जगाला पुरवतो आणि कळवणच्या माणसाला मॉर्फिन मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने डॉक्टर आणि दुकानदार दोघेही इतके धास्तावले की औषध कपाटातूनच गेले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशिक्षित डॉक्टर असलेली संस्था अन्न व औषध प्रशासनाची मान्यता घेऊन मॉर्फिन ठेवू शकते, पूर्वीसारखे अर्धा डझन परवाने लागत नाहीत. अडचण आता कायद्याची कमी आणि आपल्या आळसाची जास्त आहे.

हे सगळे केमो संपल्यावर नव्हे, निदानाच्या आठवड्यातच सुरू झाले पाहिजे. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर दिली तेव्हा त्यांचे नैराश्य कमी झाले आणि ते जगलेही जास्त, मध्यक ११.६ महिने विरुद्ध ८.९, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून हे काम विनामूल्य करते आहे. लवकर सुरुवात करायची तर रुग्णाशी मोकळे बोलावेही लागते. ‘डॉक्टर, बाबांना सांगू नका’ असे मुले दाराबाहेर थांबवून सांगतात, तेव्हा त्यांना एवढेच विचारा की बाबांना काय ठाऊक आहे असे त्यांना वाटते. बहुतेक वेळा बाबांना सगळे कळलेले असते, आणि तेही मुलांपासून लपवत असतात.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यातून किमान एका डॉक्टरने वेदनाशमनाचे प्रशिक्षण घ्यावे. त्याच्या संस्थेने मॉर्फिनच्या मान्यतेचा अर्ज करावा. आणि अर्ज भरण्यापासून पाठपुराव्यापर्यंतचा खर्च आपल्या संघटनेने उचलावा. ठरावाच्या प्रती चहाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. नाव नोंदवण्याचा कागद त्याखालीच आहे. पेठ आणि सुरगाण्याच्या रकान्यांपासून सुरुवात करा, कारण तिथून जवळचे मॉर्फिन सर्वांत लांब आहे.